उत्तरेकडे तोंड करून

सान्तियागो सुटल्यापासून एउसेबियो किन्ताना वाटेतल्या प्रत्येक गावातला पुतळा नापास करत चालले होते.

"हा घोडा बघ. घोडा आहे की सोफा? आणि वर बसलेल्या जनरलच्या पोटात कळ आलेली दिसतेय."

मायते ट्रक चालवता चालवता हसत होती. ट्रक मित्राकडून मागून आणलेला होता. मागे दोरखंड, ताडपत्री, जनरेटर, वेल्डिंगचं मशीन आणि लोखंड कापायचा ग्राइंडर असा सगळा पसारा बांधून ठेवलेला. तिचे वडील एउसेबियो आयुष्यभर कलाशाळेत शिल्पकला शिकवत आले होते. उत्तरेकडच्या या रस्त्यावर अर्ध्याअधिक भिंती आणि चौक त्यांच्या विद्यार्थ्यांनी रंगवलेले, घडवलेले. त्यामुळे हा प्रवास म्हणजे मास्तरांनी जुन्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासायला काढल्यासारखा होता. ओवाय्ये गावात एका विद्यार्थ्यानं शाळेची लांबलचक भिंत रंगवली होती. सर येणार म्हणून तो गरमगरम एम्पानादांची, म्हणजे सारण भरून भाजलेल्या मोठ्या करंज्यांची, पिशवी घेऊन उन्हात उभा होता. सरांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पाहिली आणि म्हणाले, "रंग टिकाऊ आहे."

विद्यार्थी हसला, पण त्याचे कान लाल झाले. तोही आता पन्नाशीचा होता. ट्रक सुरू झाल्यावर मायते म्हणाली, "बाबा, एखादा चांगला शब्द बोलला असतात तर जीभ झडली असती का?"

"खोटं बोललो असतो तर झडली असती." आणि त्यांनी एम्पानादाचा मोठा घास घेतला.

घास तोंडाशी नेताना त्यांचा हात थरथरत होता. हा कंप दोनेक वर्षांपूर्वी सुरू झाला आणि वाढतच गेला. आता छिन्नी धरणं दूर, शर्टाचं बटणही मायतेलाच लावावं लागे. पण हात गेले म्हणून त्यांनी काम सोडलं नव्हतं. ते खुर्चीत बसून सांगत, ती कापायची, जोडायची, घासायची. "मायते म्हणजे किन्तानांचा उजवा हात," असं लोक म्हणत, आणि बरीच वर्षं तिला ते कौतुक वाटलं होतं. तिची स्वतःची चित्रं कोरलेले, शाई लावून कागदावर छापायचे तांब्याचे पत्रे पलंगाखाली चादरीत गुंडाळून पडले होते. एके काळी तिलाही लोक त्या कामासाठी ओळखत होते.

ऑक्टोबरात सान्तियागोच्या एका मोठ्या गॅलरीत एउसेबियोंच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन भरणार होतं. शेवटचंच, हे दोघांनाही कळत होतं. त्यात मधोमध त्यांना 'उत्तर' नावाची मूर्ती हवी होती. खाणींच्या जुन्या आगगाडीचे रूळ कापून, वाकवून त्यांनी केलेली, उत्तरेकडे तोंड करून उभी असलेली ती उंच बाई. कोपियापो शहराच्या पुढे, वाळवंटातल्या हमरस्त्याच्या एका वळणावर त्यांनी ती कुणालाही न विचारता आणून रोवली होती. मायते तेव्हा शाळेत जात होती. तिनं ती कधी प्रत्यक्ष पाहिली नव्हती, फक्त घरातल्या भिंतीवरच्या समोरून काढलेल्या फोटोत. लहानपणी सुट्टीत ती याच रस्त्यानं आईकडे अन्तोफागास्ताला जायची, पण रात्रीच्या बसनं, खिडकीला डोकं टेकून झोपलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते त्या वळणावर पोचले.

"थांब," एउसेबियो म्हणाले. मग जरा वेळानं, "हे काय केलंय?"

बाई निळी होती. पायापासून डोक्यापर्यंत, होड्यांना लावतात तसल्या झगझगीत निळ्या रंगाची. गळ्यात प्लास्टिकच्या फुलांच्या माळांचा ढीग. कमरेला तारेनं बांधलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेटा वाऱ्यावर खडखडत होत्या. पायाशी पत्र्याचं एक छोटं घरकुल, आत मेणबत्त्या, खेळण्यातला ट्रक, आणि चौकटीत लावलेला एका तरण्या मुलाचा हसरा फोटो. रस्त्यात कुणी मेलं की तिथं त्याच्या आत्म्यासाठी असं घरकुल उभारायचं, ही तर सगळ्या देशाची रीत. पण या घरकुलानं एउसेबियोंची बाईच गिळून टाकली होती.

सावलीला टाकलेल्या खुर्चीतून एक जाडगेली बाई उठली. साठीची असेल. डोक्यावर खाणकामगाराची टोपी होती.

"नवस बोलायचाय का फेडायचाय?" तिनं विचारलं.

"न्यायचीय," एउसेबियो म्हणाले. "ही माझी आहे. मी केलीय."

बाईनं त्यांना खालून वर पाहिलं. "म्हणजे मिस्त्री तुम्ही?"

"शिल्पकार."

"तेच ते. मिस्त्री, पायाला सिमेंट कमी घातलंत. वारा सुटला की डुलते. मी दोन पोती आणखी ओतून घेतली."

मायतेला हसू फुटलं आणि तिनं ते खोकल्यात लपवलं. एउसेबियो हसले नाहीत.

बाईचं नाव नोल्फा. तिचा मुलगा येर्को मालट्रक चालवायचा. या वळणावर त्याचा ट्रक उलटला तेव्हा त्याला बाहेर काढायला वेळ लागला. तोवर तो ट्रकमधून या लोखंडी बाईकडे बघत होता, असं मदतीला धावलेल्यांनी तिला सांगितलं. "माझ्या पोराची शेवटची सोबत हिची," नोल्फा म्हणाली. "मी नव्हते, ही होती. मग मी येऊ लागले. मग दुसरे ट्रकवाले थांबायला लागले. आता हिच्यापुढे हॉर्न वाजवल्याशिवाय कुणी पुढं जात नाही."

"बाई, तुमच्या मुलाचं वाईट झालं," एउसेबियो म्हणाले. "पण तुम्ही माझ्या कामाची जत्रा करून टाकलीत. संध्याकाळी खाणीच्या वर्कशॉपातून क्रेन येणार आहे. तुमचं सामान काढून घ्या."

नोल्फा भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं आपली खुर्ची पुतळ्याजवळ ओढली. मग खुर्चीवर चढून माळा उतरवायला लागली. माळा तारेनं पीळ घालून बांधलेल्या, ऊन खाऊन कडक झालेल्या, तिच्या बोटांनी सुटेनात. मायते पक्कड घेऊन मदतीला गेली.

"तू मुलगी का?"

"हो."

"तुझ्या बापाला आई होती का कधी?"

मायतेनं पक्कड पुढच्या तारेला लावली. पाठीमागच्या तारा सोडवायला ती वळसा घालून मागे गेली, आणि तिथंच थांबली.

फोटोत कधीच न दिसलेली गोष्ट तिथं होती. लोखंडी बाईचा डावा हात पाठीमागे गेलेला होता आणि त्यानं उजव्या हाताचं कोपर घट्ट धरलेलं होतं. असं उभं राहणारी एकच बाई मायतेनं आयुष्यात पाहिली होती. बसच्या थांब्यावर, समुद्राकडे बघताना, दारात तिला निरोप देताना, तिची आई अशीच उभी राहायची. मायते नऊ वर्षांची असताना आई घर सोडून उत्तरेला आपल्या भावाकडे निघून गेली होती. चार वर्षांपूर्वी ती तिकडेच वारली. एवढ्या वर्षांत बाबांनी तिचं नाव घरात काढलं नव्हतं.

"मायते!" समोरून हाक आली. "जनरेटर लाव. घोट्यापासून काप. दोन्ही पाय एकाच उंचीवर."

तिनं जनरेटर खाली उतरवला, लावलाही. ग्राइंडर हातात घेतला. हाताला सवय होती, हात आपोआप चालले. मग तिनं तो परत वाळूत ठेवला.

"मी नाही कापणार."

"का?"

"ही आई आहे, बाबा."

एउसेबियोंचा चेहरा क्षणभर उघडा पडला, आणि मग पुन्हा कठोर झाला. "लोखंड आहे ते. रूळ आहेत."

"तुम्ही मला सांगितलंही नाहीत. सांगितलं नाहीत आणि माझ्याच हातानं कापायला लावता?"

"मग कुणाच्या हातानं? माझ्या?" त्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरले. ते पानांसारखे हलत होते. "तुला काय वाटतं, मला हौस आहे दुसऱ्याच्या हातानं जगायची?"

"दुसऱ्याच्या नाही, माझ्या," मायते म्हणाली. "माझे हात दुसऱ्याचे नाहीत. माझे आहेत."

हे बोलून ती ट्रकच्या पलीकडे गेली. तिला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. पुढं कित्येक महिने ती स्वतःला हेच विचारत राहिली, की ग्राइंडर वाळूत सोडून का गेलो आपण, निदान जनरेटर तरी का बंद केला नाही.

ग्राइंडरच्या चकतीचा कर्कश आवाज आला. ती धावत पुढं येईपर्यंत डावा पाय अर्ध्याहून जास्त कापला गेला होता. एउसेबियो गुडघे टेकून बसले होते, ठिणग्या त्यांच्या छातीवर उडत होत्या, आणि तेवढा वेळ त्यांचा हात खरंच थरथरत नव्हता. मग चकती खाचेत अडकली, झटका बसून उसळली आणि त्यांच्या डाव्या पंजावरून गेली.

ते ओरडले नाहीत. हाताकडे नवलानं बघत राहिले. नोल्फानं अंगावरची शाल ओढून त्यांच्या पंजाला करकचून गुंडाळली आणि ती गच्च धरून त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये चढली. कोपियापोच्या इस्पितळापर्यंत तिनं ती पकड सोडली नाही. वाटेत एकदाच ती म्हणाली, "तिनं समज दिली. हात लावू नका म्हणून."

"गप्प बसा!" मायते किंचाळली. "लोखंड कुणाला समज देत नाही. माझं चुकलं. मी द्यायला हवं होतं लक्ष."

नोल्फा गप्प बसली, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही.

अंगठ्याची शीर तुटली होती. डॉक्टरांनी टाके घातले, अंगठा राहील पण वळणार नाही म्हणाले. क्रेनवाल्याला फोन करून मायतेनं नको म्हणून कळवलं. सकाळी एउसेबियो जागे झाले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "पाय कापून झाला का?"

"नाही."

"मग ती उभी राहायची नाही. वारा आला की आडवी होईल. रस्त्यावर पडेल, कुणाच्या तरी गाडीवर." ते कुशीवर वळले. "जा आणि पुरं कर. मग काय करायचं ते कर, माझ्याशी बोलू नकोस."

ती एकटी गेली. तिचं तिलाच माहीत नव्हतं काय करणार ते. वळणावर दोन मालट्रक थांबले होते. ड्रायव्हरांनी लोखंडी बाईच्या कमरेला दोर टाकून ते आपल्या ट्रकांना ताणून बांधले होते आणि दोघं बंपरवर बसून पाव खात होते. नोल्फानं त्यांना रात्रीच बोलावलं असावं. ती स्वतः नेहमीच्या खुर्चीत बसली होती.

"मिस्त्री कसे आहेत?"

"चिडलेत."

"म्हणजे बरे आहेत."

मायतेनं वेल्डिंगचं मशीन उतरवलं. एका ड्रायव्हरनं आपल्या ट्रकखालून जाड लोखंडी पट्टीचा तुकडा काढून दिला. तिनं रंग खरवडला, कापलेली जागा घासली, पट्टी वाकवून घोट्याभोवती बसवली आणि जोडायला सुरुवात केली. काम दुपारपर्यंत चाललं. कुणी वरून सूचना देत नव्हतं. एका जागी जोड जाडाभरडा झाला. तिला तो दिसला, आणि तिनं तो तसाच ठेवला. दोर सोडले तेव्हा बाई हलली नाही. ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवले आणि निघून गेले.

मायतेनं इस्पितळात येऊन सरळ सांगितलं, "मी ती जोडली. ती येणार नाही."

एउसेबियोंनी विचारलं, "जोड सरळ आलाय?"

"नाही."

"वाटलंच."

परतीच्या वाटेवर त्यांनी एकही पुतळा नापास केला नाही. चौकांमागून चौक गेले, ते समोर बघत राहिले. मायतेला ती शांतता त्यांच्या टोमण्यांपेक्षा जड झाली. वाय्येनार गावाच्या अलीकडे ते एकदम म्हणाले, "तुझ्या आईला भावाकडे जायला दिवसाची पण बस होती. तिला खिडकीची जागा लागायची. म्हणून ती मूर्ती वळणावर लावली, तिला दिसावी अशी. तिथं बस हळू होते."

मायतेनं ट्रकचा वेग कमी केला.

"तुझ्याशी कधी बोलली का ती? की वाटेत असं काही पाहिलं म्हणून?"

खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हणाली असती तर म्हाताऱ्याला झोप लागली असती. पण आई गेली तेव्हा कुणी कुणाला काही खरं सांगितलं नव्हतं, आणि त्यातूनच हे सगळं झालं, असं तिला वाटलं.

"नाही बाबा. कधीच नाही."

त्यांनी मान हलवली. पट्टी बांधलेला हात मांडीवर उलटा पडला होता. मग ते रडू लागले, आवाज न करता, आणि ती ट्रक चालवत राहिली, कारण थांबली असती तर दोघांनाही काय करावं ते सुचलं नसतं.

प्रदर्शन ठरल्याप्रमाणे झालं. मधली जागा एउसेबियोंनी कशानंच भरू दिली नाही. पत्रकारांनी विचारलं तर म्हणाले, "तिथं एक काम यायचं होतं, आलं नाही," आणि पुढं चालू लागले. पाहायला आलेल्या विद्यार्थ्यांत ओवाय्येचाही होता. त्याला त्यांनी ओळख दिली नाही.

मायतेनं त्याच महिन्यात दुसरीकडे खोली घेतली. एक माणूस ठेवला, तो बाबांची बटणं लावतो. त्याच्यावर ते खेकसतात, आणि तो टिकून आहे. ती रविवारी जाते, त्यांची दाढी करते. कधी ते बोलतात, कधी बोलत नाहीत. मागच्या रविवारी तिच्या बोटांना लागलेली शाई बघून त्यांनी विचारलं, "काय करतेस?"

"तांब्यावर काम सुरू केलंय पुन्हा."

"दाखव कधीतरी," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून काय ऐकावं लागेल ते तिला पक्कं ठाऊक होतं. "बघू," ती म्हणाली, आणि साबणाचा फेस त्यांच्या गालावर पसरत राहिली.