गिअरबॉक्स मागे ठेवून गेलेली जीप

वीरसिंग पावरा आपली जीप घ्यायला तळोद्याला आला, तेव्हा शांतीलालच्या गॅरेजमध्ये जीप सोडून बाकी सगळं होतं. शांतीलाल होता. बाकड्यावर बसून बेअरिंगला ग्रीस लावत होता. त्याच्या पुढ्यात गोणपाटावर जीपचा गिअरबॉक्स होता, धुऊन पुसून लख्ख केलेला.

"गाडी कठे शे, शेठ?" वीरसिंगने विचारलं.

"तठेच शे ना." शांतीलालने मान वर न करता हातातला पाना मागे दाखवला.

मागे लिंबाचं झाड होतं. झाडाखाली तेलाचा काळा डाग होता आणि त्या डागावर एक कुत्रं झोपलं होतं. वीरसिंगने ते शांतीलालला सांगितलं. तेव्हा शांतीलाल उठला, त्याने झाडाला एक वळसा घातला, मग ताडपत्री उचलून पाहिली. खाली एक स्कूटर निघाली.

"असं होऊच शकत नही," तो म्हणाला. "गिअरबॉक्स अठे शे. गिअरबॉक्स नही तं गाडी जाई कशी?"

दोघांनी पत्र्याच्या शेडमागे पाहिलं. वीरसिंग शेजारच्या विहिरीतही डोकावून आला. हे सगळं शेजारची चहावाली सरलाबाई गाळणं हातात धरून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"काय शोधी ऱ्हायनात?"

"मन्ही जीप, ताई. निळी."

"ती तं काल दुपारीच गयी," सरलाबाई म्हणाली. "शेठ बेअरिंग लेवाले नंदुरबार गया व्हता तव्हय. दहा-बारा जन उनात, ढकलत लई गयात. मी इचारं, कठे लई चालनात? म्हने, घर."

"मंग तुम्ही आडायं नही?"

"कसाले आडावू? गाडीले घरच लई जातंस ना. उलट चाकखाल दगड व्हता तो मीच काढी दिधा."

वीरसिंग मटकन बाकड्यावर बसला. ही जीप त्याने आयती घेतली नव्हती. कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या जीपला मागे लटकून क्लीनरकी केली, डोंगरातल्या प्रत्येक वळणाला हाळ्या दिल्या, तेव्हा कुठे ही जुनी गाडी त्याच्या नावावर झाली होती. ती कुणी रात्रीच्या अंधारात कुलूप तोडून नेली असती तर त्याने चोराला शिव्या तरी घातल्या असत्या. पण भरदुपारी, बाजारपेठेतून, लोकांनी दगड बाजूला करून दिलेल्या रस्त्याने गाडी जाते, तर शिव्या कुणाला घालायच्या?

"शेठ, गाडी तुन्हा ताबामा व्हती," तो म्हणाला.

"मन्हा ताबामा गिअरबॉक्स व्हता," शांतीलाल म्हणाला. "तो शे. देखी ले. एक दात गयेल नही."

वीरसिंग उठला आणि पोलीस ठाण्याकडे चालू लागला. चालताना तो सारखा खिशातली किल्ली चाचपत होता. शांतीलाल मागोमाग निघाला, आणि आता मागे ठेवलेलं काहीच सुरक्षित नाही असं वाटून त्याने गिअरबॉक्सही हातगाडीवर घातला आणि बरोबर घेतला.

ठाण्यात हवालदार दगा पाटील बसले होते. पोट सुटलेला, शांत माणूस. त्यांनी दोघांना बसवलं, हातगाडी दारातून जरा बाजूला घ्यायला लावली आणि विचारलं, "तक्रार कोन दी ऱ्हायनं?"

"हाऊ," दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून म्हणाले.

"ज्यानापाइन चोरी जायेल शे त्यानी तक्रार देवानी."

"मनापाइन काय चोरी जायेल शे?" शांतीलाल म्हणाला. "गाडी तं यानी शे."

"आनि मी तं घर व्हतू," वीरसिंग म्हणाला. "मनापाइन कशी चोरी जाई?"

दगा हवालदारांनी कोरा कागद पुढे ओढला. मग सांगितलं की मालक तक्रार देईल, गॅरेजवाला जबाब देईल, आणि त्यात कुणाचा अपमान नाही. मग आरसी पाहिली, विमा पाहिला, किल्ली मालकाकडेच आहे ना ते पाहिलं. गाडी चालू स्थितीत होती का, असं विचारलं. नव्हती, असं उत्तर मिळाल्यावर हातगाडीकडे बघत "हं" म्हणाले. मग वर्णनावर आले.

"रंग?"

"निळा. उजवा दरवाजा पांढरा, दुसऱ्या गाडीचा."

पेन थांबलं.

"टपवर फाटकं टायर बांधेल शे का?"

"हो."

"मांगे मोर काढेल शे? एकच पाय शे त्याले?"

"पेंटरनी दुसरा काढाच नही. पन साहेब, तुमले कसं माहीत?"

हवालदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. काल दुपारी ते चौकात बंदोबस्ताला होते. दहा-बारा माणसं जीप ढकलत आली. चौकात चढ आहे, तिथे गाडी अडली. मागे उसाचा ट्रक भोंगा वाजवत होता. तर त्यांनी शिट्टी मारून ट्रक थांबवला, आणि माणसं दमलेली दिसली म्हणून स्वतः मागून खांदा लावला.

"मोर मन्हा गालले लागेल व्हता," ते हळूच म्हणाले.

दगा पाटील सरळ माणूस. त्यांनी साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव लिहिलं आणि आत फौजदारसाहेबांना जाऊन सांगितलं. साहेब बराच वेळ त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "दगा, चोरांचे चेहरे तू पाहिलेत. कोणत्या रस्त्याला लागले तेही तुला माहीत आहे. तपास तूच कर."

तपास अवघड नव्हता. चौकातल्या पानवाल्याने जीप पेट्रोलपंपापर्यंत ढकलली होती. पंपावरच्या माणसांनी चाकांत फुकट हवा भरून दिली होती आणि मोठ्या पुलापर्यंत सोबत केली होती. पुलापलीकडे बैलजोड्या उभ्या होत्या असं एका शेतकऱ्याने सांगितलं. एक जोडी त्याचीच होती. "लगीन शे म्हनेत," तो म्हणाला. "लगीनले बैल नही म्हनाना का?"

"कोन्या गावनं लगीन?"

"जांभळपानीनं."

जांभळपाणी पहिल्या चढावरचा पाडा. वीरसिंगची जीप रोज तिथूनच पुढे जायची. नाव ऐकताच तिथलं काहीतरी आपण विसरलोय असं त्याला वाटलं, पण नेमकं काय ते आठवेना.

तिघं रूपसिंगच्या जीपने निघाले. रूपसिंग म्हणजे त्याच मार्गावर वीरसिंगशी स्पर्धा करणारा. त्याने वीरसिंगच्या दुःखात सहभागी होत त्याला पुढे बसवलं आणि गिअरबॉक्सला मागच्या सीटवर जागा दिली, कारण शांतीलालने तो खाली ठेवू दिला नाही. एक म्हातारा पूर्ण घाटभर त्याला धरून बसला होता. उतरताना त्याने गिअरबॉक्सलाही रामराम केला.

जांभळपाणीत ढोल वाजत होता. फुलीबाईच्या अंगणात जीप उभी होती. तिला शेणामातीचे हात लावले नव्हते एवढंच, बाकी घरासारखी सजवली होती. बॉनेटवर आंब्याचे डहाळे, आरशांना लाल फडकी. पुढच्या सीटवर फुलीबाईचा मुलगा चैत्या अंगभर हळद लावून बसला होता. तो गुजरातेत ऊसतोडीला जायचा आणि लग्नासाठी परत आला होता.

वीरसिंग उडी मारून खाली उतरला. "काकी! माझी गाडी!"

फुलीबाई बारीक चणीची, पण आवाज डोंगराला ऐकू जाईल असा. ती त्याच्याशी त्यांच्या पावरी बोलीत बोलली. "आलास का? मला वाटलं, तू येतच नाहीस. होळीला याच अंगणात बसून तू काय म्हणालास? चैत्याची वरात माझ्या गाडीतून जाईल."

आता वीरसिंगला आठवलं. तो म्हणाला होता. मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता, आणि तिने त्याच्या भरवशावर दुसरी गाडी सांगितली नव्हती.

"म्हणालो होतो, काकी. पण गाडी मोडली."

"मोडली म्हणून निरोप पाठवलास? नाही पाठवलास. माझा भाऊ भिला तळोद्याला गेला, तर गाडी झाडाखाली आणि तुझा पत्ता नाही. मग काय करायचं? घेऊन आलो."

"तिच्यात गिअरबॉक्स नाही!"

"ते काय असतं?"

"आई, त्याच्याशिवाय गाडी पळत नाही," चैत्या आतून म्हणाला.

"पळायची कुणाला घाई आहे?" फुलीबाई म्हणाली. "नवरीचं गाव खाली आहे. सगळा उतार. वर आणायला बैल पुढे जुंपले, खाली न्यायला मागे जुंपू. धरून ठेवतील."

वीरसिंगने शांतीलालकडे पाहिलं. शांतीलाल उताराकडे बघत होता आणि नाइलाजाने मान हलवत होता. तिच्या बोलण्यात त्याला चूक सापडत नव्हती.

दगा हवालदार पुढे झाले. त्यांनी खाकरून आवाज मोठा केला. "ही गाडी तळोद्याहून कुणी आणली?"

"आम्ही," भिला म्हणाला. त्याच्यामागे माणसांनी हात वर केले. मग बायकांनीही केले. मग जे काल गावातच होते त्यांनीही केले, आपण मागे राहिलो असं व्हायला नको म्हणून. ढोलवाल्याने एका हाताने वाजवत दुसरा वर केला.

तेवढ्यात भिलाने हवालदारांना ओळखलं. "अरे, हे तेच साहेब! यांनीच ट्रक थांबवला! यांनीच खांदा लावला!"

ढोल एकदम जोरात वाजू लागला. काय होतंय ते कळायच्या आत दगा पाटील खाटेवर बसले होते, डोक्यावर फेटा होता आणि हातात गुळाचा खडा होता.

खडा त्यांनी आधी चावून संपवला. मग म्हणाले, "सगळं ठीक आहे. पण गुन्हा नोंदवलाय. मुद्देमाल ताब्यात घेऊन ठाण्यात न्यावा लागेल. नवरदेवाला खाली उतरवा."

"नवरदेव गाडीत बसला की नवरीच्या दारापर्यंत उतरत नाही," फुलीबाई म्हणाली. "रीत आहे."

हवालदारांनी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी आपसांत चर्चा केली. अशी रीत कुणी ऐकली नव्हती. पण इंजिन न चालणाऱ्या जीपमध्ये आजवर कुणी नवरदेव बसलाही नव्हता, त्यामुळे नाही असंही छातीठोकपणे सांगता येईना. अखेर त्यांनी एकमताने सांगितलं की रीत आहे, आजपासून.

वीरसिंग जीपजवळ जाऊन उभा राहिला. राग होता, पण त्याला धरायला जागा सापडत नव्हती. या गावाने एवढी मोठी गाडी माणसांच्या खांद्यांवर आणि बैलांच्या मानेवर डोंगर चढवून आणली होती, कारण त्याने तोंडातून एक वाक्य काढलं होतं आणि ते त्यांनी खरं मानलं होतं. त्याने पांढरा दरवाजा उघडला आणि चैत्याला म्हणाला, "सरक. स्टिअरिंग मी धरतो. ब्रेक कधी, किती दाबायचा ते मलाच माहीत आहे."

"कठे लई चालना?" हवालदारांनी विचारलं.

"ठाण्यात, साहेब. मुद्देमाल. नवरीचं गाव रस्त्यातच शे."

दगा पाटलांनी डोक्यावरचा फेटा जरा सारखा केला. रस्ता एकच होता, हे खरं होतं. जप्त वाहन ठाण्याकडे नेण्याचं काम त्यांनी तिथेच सुरू केलं.

अशी ती वरात निघाली. सर्वांत पुढे फेटा बांधलेले हवालदार शिट्टी वाजवत, समोरून येणाऱ्या जीपांना कडेला घेत. त्यांच्यामागे ढोल, मग नाचणारी माणसं. मग जीप, आवाज न करता, फक्त चाकांची कुरकुर. आत वीरसिंग ब्रेकवर पाय रोवून, शेजारी पिवळाजर्द चैत्या, मागे शांतीलाल आणि त्याच्या मांडीवर गिअरबॉक्स. जीपला मागून बांधलेले बैल मागे रेलून चालत होते आणि त्यांच्या तोंडावर आयुष्यात पहिल्यांदा उलटं काम मिळाल्याचा गोंधळ होता. एका वळणावर ब्रेक गरम झाले, तर बायकांनी हंड्यातलं पाणी चाकांवर ओतलं आणि गाणं चालूच ठेवलं. नवरीच्या दारात जीप अशी अलगद येऊन थांबली की नवरीकडचे लोक म्हणाले, एवढी शांत गाडी आम्ही पाहिली नव्हती.

लग्न लागलं. तिथल्या चिंचेखाली शांतीलालने गिअरबॉक्स बसवायला घेतला. नवरीच्या काकांनी बांबूंच्या तरफेने जीप उचलून धरली आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी शांतीलालला भात भरवून जात होतं, कारण त्याचे हात काळे होते. सकाळी इंजिनाने आवाज दिला तेव्हा सगळ्यात मोठ्याने तोच ओरडला.

वीरसिंग ठरल्याप्रमाणे जीप स्वतः चालवत ठाण्यात घेऊन गेला. कोर्टाचा आदेश येईपर्यंत ती आवारात उभी राहणार होती. फिर्यादीने आपली गाडी, आपल्याच संमतीने, वरातीसाठी दिली होती असा जबाब लिहून दिला. संमती गाडी नेल्यानंतर दिली की आधी, या प्रश्नावर साहेबांनी पुन्हा एकदा दगा पाटलांकडे बराच वेळ पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

अडचण आली ती बाजाराच्या दिवशी. डोंगरातली माणसं बाजार करून निघाली, वीरसिंगची जीप ठाण्याच्या आवारात दिसली, आणि सगळी सरळ जाऊन जीपमध्ये बसली. तेलाचे डबे, कोंबड्या, मिठाची पोती, एक नवी कढई. साहेबांनी बाहेर येऊन सांगितलं की ही गाडी जप्त आहे. एका बाईने विचारलं, "सुटते किती वाजता?"

"कोर्टाचा आदेश आला की."

"बरं," ती म्हणाली आणि जरा सरकून दुसऱ्या बाईला जागा करून दिली.

आदेश उन्हं कलल्यावर आला. तोवर टपावरही माणसं चढली होती. वीरसिंगने सही केली, कागद खिशात घातला आणि धावत जाऊन किल्ली फिरवली. दगा पाटील फाटकापाशी उभे होते. भरलेली जीप बाहेर काढताना रस्त्यावर गर्दी अडली, तर त्यांनी शिट्टी मारली, एक ट्रक थांबवला, आणि वीरसिंगला हाताने पुढे जायची खूण केली.