पेसीबाईंचा योद

मी एक जुने पीस आहे, टर्कीच्या डाव्या पंखातले. मित्रांनो, नाक मुरडू नका. पंखात होते तेव्हा माझी मजल कुंपणापलीकडे कधी गेली नाही. नाफ्ताली नावाच्या लेखनिकाने मला उचलले, वाळवले, तासले, टोकाला चीर दिली आणि मी लेखणी झाले.

माझा पहिला शब्द मात्र वैऱ्याचा. तोरा हा ज्यूंचा हिब्रू धर्मग्रंथ हाताने लिहिणारे नवे पीस पारखतात ते अमालेक या जुन्या शत्रूचे नाव लिहून आणि लगेच खोडून. आयुष्याची सुरुवातच खाडाखोडीने! मला फार अपमान वाटला होता.

कॅनडातल्या कडाक्याच्या थंडीच्या विनिपेगमधल्या आमच्या प्रार्थनाघरातल्या जुन्या तोरेची अक्षरे सुटून पडू लागली, म्हणून सगळ्यांनी मिळून नवी लिहवून घ्यायचे ठरवले. नाफ्ताली प्रत्येक शब्द आधी मोठ्याने म्हणे, मग कातड्यावर लिही. माझी कितीतरी भावंडे त्यात झिजून गेली. शेवटच्या शब्दांची त्याने नुसती बाह्यरेषा काढली. आत शाई भरायची मंडळींनी, एकेकाने एकेक अक्षर, आणि तेही माझ्याच टोकाने.

इथल्या निम्म्या मंडळींना अक्षरे शिकवली ती पेसीबाईंनी. अक्षरावर मधाचा थेंब लावून मुलांना चाटायला द्यायची त्यांची रीत. पण आता त्यांचा हात कापत असे. अक्षर बिघडले तर ते खरवडून दुसऱ्याने लिहायचे, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलेले. आपल्याच विद्यार्थ्यांसमोर आपले अक्षर खरवडले जाईल, या धास्तीने त्यांनी नावच दिले नव्हते. लिहायचे राहून जाणार म्हणून घरी मात्र रडल्या होत्या. शेवटी त्यांचा नवरा झेलिग त्यांना कोट चढवून घेऊनच आला.

"रोज बशीत चहा सांडतेस, तो पितोच ना मी?" तो म्हणाला. "चल."

पेसीबाईंनी सगळ्यांत लहान अक्षर मागितले, योद. शेवटच्या शब्दातले पहिले. त्यांच्या गार बोटांत मी आले आणि तो सगळा थरथराट माझ्यात उतरला. स्थिर राहायची इतकी धडपड मी कधी केली नव्हती. तरी योदचा पाय रेषेबाहेर खाली घसरला. पाय लांबला की योदचा वाव, म्हणजे दुसरेच अक्षर, होतो, आणि हा धड ना योद, ना वाव.

"खरवड बाबा," पेसीबाई म्हणाल्या. "मला दिसतंय."

"बाई, ते तुम्ही नाही ठरवायचं, मीही नाही," नाफ्ताली म्हणाला. " तुम्हीच शिकवलंत ना, कुणी ठरवायचं ते?"

"लहान मुलानं," त्या हळूच म्हणाल्या.

अक्षरे ओळखणारे, पण शब्द न वाचता येणारे मूल लागते. मोठी माणसे शब्दावरून अक्षर ताडतात, मूल समोर दिसते तेच सांगते. तिर्झा पेसीबाईंच्याच वर्गातली, मधाचा केक खात होती. तिला खुर्चीवर उभे केले. नाफ्तालीने शेजारची अक्षरे झाकली. कुणी तिला काही सुचवायचे नव्हते. झेलिग तर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तिर्झाने बराच वेळ बघितले.

"योद," ती म्हणाली. "पण त्याला थंडी वाजतेय."

पेसीबाई डोळे पुसता पुसता हसू लागल्या. "विनिपेगचाच की गं मग तो."

ते अक्षर तसेच राहिले.

आता मी प्रार्थनाघरातच काचेच्या पेटीत असते. टोक बोथट झाले आहे आणि धूळ पुसायची आठवण सणासुदीलाच होते. त्याचे मला काही नाही. मित्रांनो, मागणे एवढेच आहे की कुणाचा हात कापत असेल तर त्याच्या हातातले काम घाईने काढून घेऊ नका. त्याचे त्याला पुरे करू द्या.

वर्षातून एकदा तोरेचे वाचन त्या शेवटच्या शब्दापाशी येते. यंदा पेसीबाई नव्हत्या. वाचायला तिर्झा उभी होती. ती आता मोठी झाली आहे, भराभर शब्द वाचते, त्यामुळे तिला ते अक्षर दाखवून विचारायची सोय राहिलेली नाही. वाचन संपले की खांद्यावरच्या प्रार्थनेच्या शालीचे टोक शब्दाला टेकवून ओठांना लावायचे असते. तिर्झाने ते टेकवले, पण लगेच उचलले नाही. योदवर तसेच राहू दिले, थंडीत कुणाला पांघरूण घालावे तसे.