पिवळ्या पडलेल्या बशा

गोदूबाई बेंगळुरूच्या त्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं पेशींना जेवण घालत होती. शस्त्रक्रियेत काढलेल्या मणक्यांमधल्या चकत्यांचे तुकडे इस्पितळातून येत. त्यांतल्या पेशी बशांमध्ये वाढवायच्या आणि दर दोन दिवसांनी जुनं गुलाबी द्रावण काढून ताजं भरायचं, हे तिचं काम.

१९९८ च्या उगादीला, म्हणजे पाडव्याला, जोडून सुट्या आल्या. ती परत आली तेव्हा एका पेशंटच्या बशांमधलं द्रावण पिवळं पडलं होतं, म्हणजे आंबट झालं होतं. तिनं ते बदललं. पण पुढच्या पंधरा दिवसांत त्या पेशी वाढेचनात. मेल्या नव्हत्या, डोशाच्या पिठासारख्या नुसत्या पसरून बसल्या होत्या.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. शेषगिरी म्हणाले, "पेशंट साठीचा होता, अक्का. पेशीही म्हाताऱ्याच."

"सर, त्याच माणसाच्या चार बशा मी सुटीआधी शेजारच्या विभागात दिल्या होत्या. त्यांचं द्रावण वेळेवर बदललं गेलं. त्या अजून वाढताहेत."

शेषगिरींनी एक बशी उचलून उजेडात धरली. "मग ह्या उपाशी राहिल्या असतील."

"तर पोटभर खायला घालून बघू. ताज्या द्रावणात नुसतं लॅक्टिक आम्ल घालते. पेशी खाऊन जे बाहेर टाकतात, तेच."

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "करा."

बारा पेशंटांच्या पेशी तिनं वाढवल्या. अर्ध्या बशांत आम्ल, अर्ध्यांत नाही. म्हाताऱ्या पेशी निळ्या दिसाव्यात म्हणून रंग घातला आणि कुठली बशी कुठली ते कळू नये म्हणून चिठ्ठ्या झाकून मोजणी केली. महिनोन् महिने.

तिचा नवरा गुंडो शहरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पत्रे दाबायची प्रेस चालवायचा. चाळिशीतच पाठ गेली आणि काम सुटलं. ज्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणे, वय झालं.

"चकतीत रक्तवाहिन्या नसतात हो," तिनं त्याला सांगितलं. "पेशींनी टाकलेलं आम्ल लवकर बाहेर जात नाही. त्यातच बसून त्या अकाली म्हाताऱ्या होत असाव्यात."

"मोरी तुंबल्यासारखं?"

"स्वल्प तसंच."

"मग माझी पाठ बरी होईल?"

"ह्यानं नाही व्हायची," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलंच नसतं.

गुंडोनं पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाला, "तरी नीट मोज हो. घाई करू नकोस."

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा बारापैकी दहा जणांच्या आम्लातल्या पेशी कितीतरी जास्त निळ्या निघाल्या होत्या.

डिसेंबरात डॉक्टरांच्या मोठ्या सभेत शेषगिरींनी निबंध वाचला. पडद्यावर त्यांच्या नावाआधी गोदूबाईचं नाव होतं. एका सर्जननं विचारलं, "पेशी उपासमारीनंच म्हाताऱ्या झाल्या नाहीत कशावरून?"

शेषगिरींनी माईक बाजूला केला. दुसऱ्या रांगेकडे बघून म्हणाले, "अक्का, तुम्ही सांगा."

ती उठली. कन्नडमध्ये तिनं सगळं सांगितलं: सुट्या, पिवळं द्रावण, भरल्या पोटीही निळ्या झालेल्या पेशी. सर्जननं मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

गुंडो मागच्या भिंतीशी उभा होता. तासभर बसणं त्याला जमत नसे. शेजारच्या डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या विभागाचे?"

"मी प्रेस चालवायचो, पीण्यात," तो म्हणाला. "ती बोलते आहे ना, तिचा नवरा."

पुढच्या दोन रांगांनी वळून पाहिलं, इतका त्याचा आवाज मोठा होता.