टेबलाच्या पोटातलं माणूस

मी एक जुना प्लँचेटचा पाट आहे, मित्रांनो. सरकून बसू नका, माझ्याकडे भूत कधीच आलं नाही. भुताच्या सिनेमांत मात्र माझा सगळा जन्म गेला.

सुताराने मला एका मोडक्या टेबलाच्या फळीतून घडवलं. माझ्या अंगावर कपाचा एक गोल डाग होता. सुतार तो रंध्याने काढायला निघाला, तर दिग्दर्शक म्हणाले, "राहू दे. लोकांना वाटेल रक्ताचा आहे."

"साहेब, चहाचा आहे."

"लोकांना कोण सांगतंय?"

असा मी डागासकट भुताटकीला लागलो. माझ्यावर काळी, वळणदार अक्षरं रंगवली. उजव्या कोपऱ्यात 'हो' आणि डाव्या कोपऱ्यात 'नाही' लिहिलं. वर सरकायला लाकडाचा एक बदाम दिला. बदामाच्या पोटात लोखंडाची चकती दडवली होती. मला ज्या टेबलावर ठेवायचे त्याची मधली फळी काढली होती; खाली एक माणूस उताणा पडून माझ्या पाठीवर लोहचुंबक फिरवायचा आणि वर बदाम आपसूक चालायचा. त्या माणसाला सगळे पाताळराव म्हणत. माझ्यापुढे बसून बदामावर बोट ठेवणारी नायिका त्याचीच बायको होती. मूर्ती एवढीशी, पण ती ओरडली की वरचे दिवे हलायचे. म्हणून ती किंकाळीताई.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. पाताळरावाने मला वरून नीट पाहून ठेवलं होतं. पण उताणं पडल्यावर उजवं ते डावं होतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. किंकाळीताईने कापऱ्या आवाजात विचारलं, "इथे कोणी आहे का?" बदाम निघाला, दमादमाने चालला आणि थेट 'नाही'वर जाऊन बसला.

पण ताई काही डगमगली नाही. तिने डोळे मोठे केले आणि म्हणाली, "मग बोलतंय कोण?" आणि अशी किंकाळी फोडली की खाली पाताळरावाचं डोकं टेबलावर आपटलं.

फिल्मचं रीळ संपत आलं होतं, पुन्हा काढायची सोय नव्हती. ते तसंच राहिलं. दिग्दर्शकांना वाटलं होतं, लोक घाबरून खुर्च्या धरतील. लोकांनी पोटं धरली. दिग्दर्शक आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. पण तेच लोक पुढच्या खेळाला भावाला, मेहुणीला, शेजाऱ्यांना घेऊन आले, आणि त्या जागी अख्खं थिएटर एका सुरात विचारू लागलं, "मग बोलतंय कोण?"

मी यावर खूप विचार केला आहे, मित्रांनो. फळीला दुसरं काम काय असतं? आमच्या भुताच्या चादरीवर इस्त्रीची घडी दिसायची. धूर जास्त झाला की भुताच्या आधी त्याचा खोकला ऐकू यायचा. लोकांना सगळं दिसत होतं. तरी बदाम हलला की शेजारच्याचा हात घट्ट धरला जायचा, आणि हसून झाल्यावरही तो सुटायचा नाही. खरी भीती माणसाला एकटं पाडते. आमची खोटी भीती माणसांना जवळ सरकवायची.

त्या दिवसानंतर पाताळरावाने माझ्या पाठीवर पेन्सिलीने 'हो' आणि 'नाही' लिहून ठेवलं, आपल्या बाजूने बरोबर दिसेल असं. पुढे चूक झाली नाही. पण लोकांना चूकच हवी होती, म्हणून प्रत्येक सिनेमात तो ती मुद्दाम करायचा. काम संपलं की ताई त्याच्या पाठीची धूळ झटकत गुणगुणायची:

*वरती बदाम नाचे, जग म्हणे भूत आलं*
*टेबलाच्या पोटात गं, माझं माणूस दडलं*

मग भुतं कॉम्प्युटरवर तयार होऊ लागली. त्यांना ना चादर लागे, ना पाट. मी सामानघरात गेलो. कोळ्याने माझ्या अक्षरांवर जाळं विणलं. पाताळराव वारल्याचं मला कारभाऱ्याच्या बोलण्यातून कळलं. पुढे सामानघरच रिकामं करायचं ठरलं. "फळी चांगली आहे," कारभारी म्हणाला, "सुताराला देऊ. कपाट करायला लागेल."

तेवढ्यात एका दुपारी किंकाळीताई आली. केस पिकले होते, आवाज बसला होता.

"ताई, निरोप द्यायचा, मी आलो असतो," कारभारी म्हणाला.

"यांना शोधायला आले रे. घरात लग्नाचा एकच फोटो आहे, त्यातही डोळे मिटलेले. म्हटलं, इतके सिनेमे केले, कुठेतरी दिसतील. सगळे बघितले. कोपरसुद्धा दिसलं नाही."

"म्हणजे काम चोख केलं. दिसले असते तर साहेबांनी सोलून काढलं असतं."

ताई हसली नाही. तिने मला आमच्या त्याच जुन्या टेबलावर ठेवलं, पदराने पुसलं, बदामावर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "अहो, इथे कोणी आहे का?"

मित्रांनो, त्या क्षणी मला खरा पाट व्हावंसं वाटलं. पण मी चहाच्या डागाची फळी. बदाम हलला नाही. कारभारी पुसलेलंच कपाट पुन्हा पुसू लागला.

बऱ्याच वेळाने तिने मला उलटं केलं. पाठीवर पेन्सिलीची ती अक्षरं होती, आणि लोहचुंबक फिरून फिरून पडलेल्या चकचकीत वाटा होत्या, माळावर पायवाटा पडतात तशा. सगळ्यात गुळगुळीत वाट 'नाही'कडे जात होती. ताईने तिच्यावरून बोट फिरवलं.

"केवढं चाललात हो," ती म्हणाली.

मग तिने मला पुन्हा सुलटं केलं. टेबलाच्या खिळ्याला चिकटलेलं लोहचुंबक काढलं, एक हात माझ्याखाली घातला, एक बोट वर ठेवलं आणि बदाम दमादमाने 'नाही'वर नेला.

"मग बोलतंय कोण?" तिने विचारलं. किंकाळी आली नाही. हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले.

आता मी तिच्या भिंतीवर आहे, पाठ पुढे करून. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "ताई, पाट उलटा लागलाय." ती म्हणते, "उलटा नाही. हा यांचा फोटो आहे."

तेव्हा मित्रांनो, भुताच्या सिनेमाला खुशाल हसा, शेजारच्याचा हात धरून हसा. फक्त जुनी वस्तू फेकण्याआधी एकदा उलटी करून बघा. तिला चालवणाऱ्याची पायवाट बहुतेक वेळा पाठीवरच असते.