मानाची खुर्ची

शुक्रवारची दुपार म्हणजे दोरामावशीची नुसती तारांबळ. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, लागणार, मग मशीन बंद, कात्री बंद, इस्त्री बंद. त्याच्या आत लोकांचे कपडे हवाली करायचे, स्वयंपाक उरकायचा, दिवे लावायची तयारी करायची. तिच्या केसांत, बाहीवर, अगदी चष्म्याच्या दांडीवरसुद्धा कुठे ना कुठे दोरा चिकटलेला असायचाच, म्हणून अख्खी जमात तिला दोरामावशी म्हणायची. पुढच्या खोलीत तिच्या नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तिथे भिंगाला डोळा लावून बसलेला धाकटा मुलगा म्हणजे टिक्या. मिशीचा अजून पत्ता नव्हता, पण बिघडलेलं घड्याळ नुसतं कानाला लावून त्याचं दुखणं सांगायचा.

थोरला मुलगा लढाईत पडून वर्ष व्हायला आलं होतं.

त्या दुपारी सिनेगॉगचे, म्हणजे जमातीच्या प्रार्थनास्थळाचे, अध्यक्ष आले. लाकडाच्या वखारीचे मालक, बोलायला गोड, आणि मावशीच्या नवऱ्याचे, घड्याळजींचे, शाळेपासूनचे मित्र.

"वहिनी, आनंदाची बातमी आहे," ते दारातूनच म्हणाले. "पुढच्या शब्बाथला आपल्या टिक्याला खुर्चीवर बसवायचं ठरलंय. थोरल्याचा कोट त्याच्या मापाचा करून ठेवा."

मावशीने हातातली कात्री खाली ठेवली. घड्याळजी मात्र उठून उभे राहिले आणि त्यांनी मित्राचा हात दोन्ही हातांत धरला.

ही खुर्ची काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. सिनेगॉगमध्ये पुढच्या रांगेत निळ्या मखमलीची एक खुर्ची होती. ज्या घरातला मुलगा लढाईत पडला, त्या घरातल्या पुढच्या मुलाला शब्बाथच्या सकाळी, तोरा हा धर्मग्रंथ वाचायच्या आधी, त्या खुर्चीवर बसवायचे. सगळी जमात त्याच्यासाठी उठून उभी राहायची. म्हातारे त्याचं कपाळ चुंबायचे. आणि मग महिन्याभरात तो मुलगा भरतीच्या कचेरीत जाऊन नाव घालून यायचा. जा असं त्याला कुणी म्हणायचं नाही हो! जबरदस्ती कुणावरच नव्हती, आणि नेमकी हीच तर मेख होती. धर्मात असलं काही कुठेही सांगितलेलं नव्हतं. लढाई सुरू झाल्यावर कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, सगळ्यांना छान वाटलं, आणि बघता बघता त्याची रीत झाली. केवढा मोठा मान! आई वर बायकांच्या सज्ज्यात बसून हा मान बघायची, आणि शेजारणी तिचा हात दाबून "भाग्यवान आहेस" म्हणायच्या.

रविवारी मावशीने कोट काढला. टिक्याला स्टुलावर उभं केलं आणि तोंडात टाचण्या धरून ती खांद्याचं माप घेऊ लागली.

"आई, गुदगुल्या होतात गं."

"गप उभा राहा. माकडाला कपडे शिवणं सोपं जाईल."

कोट त्याला खांद्यात चांगलाच सैल होत होता. थोरला आडव्या अंगाचा होता. मावशीने एकेक टाचणी लावली आणि शेवटी न राहवून विचारलं, "टिक्या, खरं सांग. जायचंय तुला?"

टिक्याने कोटाचं एक बटण पिरगाळलं.

"दादा गेल्यापासून सगळे माझ्याकडे बघतात गं," तो म्हणाला. "पाववाला बघतो, रब्बी बघतात. कुणी काही म्हणत नाही, नुसते बघतात. आणि बाबा तर बघतसुद्धा नाहीत."

"मी काय विचारलं?"

"मला घड्याळं आवडतात," टिक्या म्हणाला, आणि स्टुलावरून उतरला.

मावशीला लष्करी दवाखान्यातून फाटक्या कपड्यांची गाठोडी यायची; रफू करून परत पाठवायची. त्या आठवड्याच्या गाठोड्यात एक पँट चुकून आली होती. रंगच वेगळा. पलीकडच्यांचा! कुठल्या कैद्याची असेल, कपडे धुताना मिसळली असेल. मावशीने ती चिमटीत धरून बाजूला टाकली. याच लोकांनी तिचा थोरला मारला होता. मग शिंपिणीचाच हात तो, राहवेना. तिने ती पुन्हा उचलली आणि उलटी केली. पायाशी चांगली वीतभर दुमड घातली होती, हातशिलाईने, लांब लांब टाके घेऊन. असे टाके कोण घालतं ते मावशीला कुणी सांगायला नको होतं. पोरगं अजून वाढतंय, उंची वाढली की टाके उसवून पँट खाली सोडता येईल, असा हिशेब करून आईच घालते. तिने स्वतः दोन पोरांच्या पँटींना वर्षानुवर्षं तशाच दुमडी घातल्या होत्या.

त्या दुमडीत अजून भरपूर कापड शिल्लक होतं. पोराला उंच व्हायचं होतं. मावशी ती पँट मांडीवर घेऊन हमसून हमसून रडली. थोरल्याच्या दफनाला ती अशी रडली नव्हती. तेव्हा बायकांनी तिला रडूच दिलं नव्हतं, वीराच्या आईने रडायचं नसतं म्हणून.

शब्बाथची सकाळ उजाडली. सिनेगॉग गच्च भरलं होतं. टिक्या थोरल्याच्या कोटात पुढे उभा होता, आणि कोट त्याला अगदी बेतशीर बसला होता. मावशीला वाईट शिवताच येत नव्हतं, काय करणार! अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खुर्चीत बसवलं. जमात उभी राहिली. पवित्र कपाट उघडलं, तोराची गुंडाळी बाहेर आली, आणि धर्मगुरू रब्बी वाचनाच्या मेजाकडे वळले.

तेवढ्यात सज्ज्याच्या जिन्यावर पावलं वाजली. बायकांमधून उठून मावशी खाली आली, पुरुषांच्या रांगांमधून चालत गेली आणि मेजाला पाठ लावून उभी राहिली.

"वाचन थांबवा," ती म्हणाली. "माझी तक्रार आहे."

एकच गलका झाला. घड्याळजींनी मान खाली घातली. पण सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं: हा जमातीचा जुना हक्क होता. ज्याच्यावर अन्याय झाला आणि ज्याचं कुणीच ऐकत नाही, त्याने तोरा उघडायच्या आधी उभं राहावं आणि वाचन रोखावं. त्याचं ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. बाई असो की पुरुष. नवऱ्याने टाकलेल्या एका बाईने तो वापरलेला मावशीने लहानपणी पाहिला होता. त्यानंतर कुणी वापरलाच नव्हता.

"अहो, तो हक्क घरगुती भांडणांसाठी होता!" अध्यक्ष म्हणाले.

"हे माझ्या घरातलंच आहे, भाऊजी," मावशी म्हणाली.

रब्बींनी गुंडाळी छातीशी धरली होती. माणूस भित्रा होता, पण खोटा नव्हता. "हक्क तो हक्क," ते हळूच म्हणाले. "बोला, ताई."

मावशीला भाषण कुठलं येतंय? तिने पँटीची गोष्ट सांगितली. दुमडीची सांगितली. मग म्हणाली, "तुम्ही माझा एक घेतलात आणि त्याच्या बदल्यात मला मान दिलात. आता दुसरा घ्यायला निघालात. पुढच्या वर्षी या खुर्चीवर कोण बसणार? हे? यांना तर चार पावलं चालून दम लागतो. या जमातीने लढाई चालू ठेवा म्हणून हात वर करून ठराव केला होता. आता लढाई थांबवा, तह करा, असा ठराव करा. आणि ही खुर्ची उचला. पलीकडेही आयाच आहेत हो! त्याही टाके घालतात."

"शत्रूचं गुणगान देवाच्या घरात!" मागून कुणीतरी ओरडलं.

तेव्हा टिक्या खुर्चीतून उठला. त्याचे कान लाल झाले होते.

"आई, चल घरी," तो म्हणाला. "उपयोग नाही आता. मी परवाच नाव घालून आलो."

मावशीने त्याच्याकडे पाहिलं.

"कधीतरी घालायचंच होतं," तो पुटपुटला. "सगळे बघतात ते तरी थांबेल म्हटलं."

तो गेला. मावशीने जाताना त्याला खायला बांधून दिलं, मोज्यांचे जोड दिले, आणि थोरल्याला म्हटलं होतं तेच म्हटलं, की डोकं खाली ठेव.

पुढच्या शब्बाथला मावशी पुन्हा मेजासमोर उभी. त्याच्या पुढच्याही. दर आठवड्याला तेच दोन शब्द, तीच मागणी: तहाचा ठराव करा, खुर्ची उचला. रब्बी ऐकून घ्यायचे, जमात छताकडे बघत बसायची, मग अध्यक्ष "ऐकलं, आता पुढे" म्हणायचे आणि वाचन सुरू व्हायचं. जमातीने तिला वाळीत टाकलं. तसं कुणी बोलून दाखवलं नाही. फक्त शिवायला कपडे येईनासे झाले, आणि सज्ज्यात तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. सगळ्यांत जास्त लागलं ते घड्याळजींचं वागणं. ते सिनेगॉगला तिच्या आधी निघायचे आणि समोरच्या फुटपाथवरून चालायचे. घरात जेवायला वाढलं की "मीठ दे" एवढंच बोलायचे.

टिक्याची पत्रं यायची. छावणीतल्या सगळ्यांची घड्याळं मी दुरुस्त करतो, इथे मला फार मान आहे, असं त्याने एकदा थट्टेत लिहिलं होतं. मावशीला त्यावर हसू आलं नाही.

एका ट्रकवर गोळा पडला. त्यात टिक्या होता. त्याच ट्रकमध्ये अध्यक्षांचा मोठा मुलगाही होता.

शोकाचे सात दिवस नवरा-बायको जमिनीलगतच्या ठेंगण्या स्टुलांवर बसून होते. लोक येत होते, डबे ठेवून जात होते, पण मावशीच्या डोळ्याला डोळा कुणी भिडवत नव्हतं. शेवटच्या दिवशी माणसं पांगल्यावर घड्याळजी म्हणाले, "तू बोलत होतीस तेव्हा मी एकदा तरी तुझ्या शेजारी उभं राहायला हवं होतं."

"हो," मावशी म्हणाली. "हवं होतं."

ते दोन्ही हातांत तोंड लपवून रडू लागले. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण समजूत घालायला तिच्यापाशी काही नव्हतं.

त्यानंतरच्या शब्बाथला अध्यक्षांच्या धाकट्या मुलाला खुर्चीवर बसवायचं होतं. रीत ती रीत. अध्यक्षच ती मोडणार कसे? त्यांचा चेहरा उतरला होता, पण मुलाला खांद्याला धरून ते पुढे घेऊन आले. कपाट उघडलं, तोरा बाहेर आली, आणि सगळ्या जमातीच्या माना सवयीने सज्ज्याकडे वळल्या. आता दोरामावशी खाली येणार!

मावशी उठलीच नाही. कशासाठी उठायचं? तिची तक्रार ज्याच्यासाठी होती तो मातीत गेला होता. ती कठड्यावर हात ठेवून बसून राहिली. खाली रब्बी थांबले होते. पोरगं खुर्चीपाशी उभं होतं. कुणी हलेना.

मग जिन्यावर पावलं वाजली. अध्यक्षांची बायको, अध्यक्षीणबाई, खाली उतरत होती. चारचौघांत कधी मोठ्याने शिंकलीसुद्धा नसेल अशी बाई! ती मेजासमोर जाऊन उभी राहिली, तिने तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना.

मावशीने हे वरून पाहिलं, आणि तिला कळायच्या आत ती जिना उतरत होती. तिने अध्यक्षीणबाईचा हात घट्ट धरला.

"वाचन थांबवा," ती म्हणाली. "हिची तक्रार आहे. मी सांगते."

"वहिनी," अध्यक्षांचा आवाज फाटला, "तुमचं आता काय राहिलंय मागायला?"

"काही नाही राहिलं, भाऊजी. माझ्यासाठी मागत होते तोवर तुम्ही म्हणायचात, आईच आहे, बोलणारच. आता माझं कुणी नाही. आता मी हिच्या पोरासाठी मागते, आणि पलीकडच्यांच्या पोरांसाठी मागते. द्या उत्तर."

तेवढ्यात खुर्चीपाशी उभ्या असलेल्या मुलाने वर बघून विचारलं, "बाबा, बसू?"

अध्यक्षांनी आजवर किती मुलांना त्या खुर्चीत बसवलं होतं! प्रत्येकाच्या खांद्यावर त्यांचाच हात होता. तो हात आता मुलाच्या कोटाची कॉलर मुठीत आवळून धरून होता.

"नको," ते म्हणाले. मग मोठ्याने, रडत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नको रे, बाळा. नको बसूस."

मावशीने डोळे मिटले. एवढा एकच शब्द होता! घड्याळाच्या दुकानात, पाववाल्याकडे, याच मेजासमोर, तिच्या टिक्याला कुणी एकाने जरी तो म्हटला असता, तर आज तो भिंगाला डोळा लावून बसलेला असता. तिला धाय मोकलून रडावंसं वाटलं. ती रडलीही, तिथेच उभी राहून, अध्यक्षीणबाईचा हात न सोडता. वीराची आई रडते म्हणून तिला गप्प करायला या वेळी कुणी पुढे आलं नाही.

रब्बींनी जरा वेळ जाऊ दिला आणि अडखळत विचारलं, "ताई, आता वाचायचं ना?"

मावशीने बाहीने डोळे पुसले.

"नाही," ती म्हणाली. "खुर्चीचं झालं. तहाचा ठराव राहिलाय. हात वर करा सगळ्यांनी, मी मोजते."