लाइट आली की मला बंद करतात

मी एक जुना जनरेटर आहे. लागोसच्या याबा भागात, एका दुमजली घराच्या मागे, चोरांच्या भीतीने मला साखळीने बांधून ठेवले आहे. मित्रांनो, कुत्र्यालासुद्धा कधीतरी फिरायला नेतात!

मला अबिके ही तरुणी आणि तिचा भागीदार ओबिओरा यांनी आणले. वरच्या दोन खोल्यांत त्यांनी कंपनी काढली होती. कोणते औषध कोणत्या दवाखान्यात शिल्लक आहे, हे फोनवर दाखवणारी यंत्रणा ते बनवत. भांडवल मागायला गेले तर परदेशातले पैसेवाले हसले. "तुमच्याकडे धड वीज नाही, कंपनी कसली काढता?" म्हणाले. अहो, पण मी होतो ना!

दिवसभर मी धूर ओकत राबायचो. खाली शिवणकाम करणारी सिकिरूची आई ओरडायची, "ओबिओरा, तुझ्या या खोकड्याला आवर! कपड्यांना वास लागतोय." आणि वीज आली रे आली की सगळी गल्ली "लाइट आली!" म्हणून नाचायची आणि पेट्रोल वाचवायला कुणीतरी धावत येऊन माझा गळा दाबायचे. ती टिकते का, हे बघायची कुणाला फुरसत? रोज दगा देते तिचे कौतुक, आणि राबणाऱ्याच्या नशिबी शिव्या!

एके दिवशी बऱ्याच दवाखान्यांच्या मालकीण एकाएते मॅडम यंत्रणा बघायला आल्या. त्यांनी नकार दिला तर कंपनीला कुलूप लागणार होते. मी जीव तोडून चालत होतो. तेवढ्यात गल्ली ओरडली, "लाइट आली!" ओबिओरा बोलता बोलता उठला, जिना उतरला आणि त्याने मला बंद केले. तो वर पोहोचतो न पोहोचतो तोच वीज गेली.

तो पुन्हा धावत आला, दोरी ओढू लागला. तापलो की मी लवकर चालू होत नाही, हे त्याला ठाऊक होते.

अबिके खिडकीतून ओरडली, "बंद करायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"हात आपोआप गेला गं!"

वरून मॅडमचा आवाज आला. "माझ्या दवाखान्यांत रोज हेच होतं. मग तुमचं हे काय कामाचं?"

अबिके म्हणाली, "मॅडम, मघाशी यंत्रणा टाकून दिली तो तुमचा फोन उघडा. दिसतात ना औषधं? लाइट आमचीही जाते. म्हणून माहिती फोनमध्येच साठवून ठेवतो."

"मग आधी सांगायचं ना, पोरी! उगाच घामाघूम केलंस. कामाला लागा."

कंपनी मोठी झाली. नव्या इमारतीवर सौर पट्ट्या बसल्या, वर्तमानपत्रांत फोटो आले. मी कुठल्याच फोटोत नव्हतो. मला सिकिरूच्या आईला देऊन टाकले. आता तिला माझा वास येत नाही!

परवा ओबिओरा शिवायला टाकलेला झगा न्यायला आला. वीज आली. सिकिरूची आई शिलाई सोडून माझ्याकडे धावली.

"थांबा, मावशी!" तो म्हणाला. "आधी ती टिकते का बघू."

पांढऱ्याशुभ्र कपड्यांत तो माझ्या धुरात उभा राहिला. थोड्याच वेळात वीज गेली. माझा आवाज मात्र चालूच होता, आणि मावशींना पुन्हा दोरी ओढावी लागली नाही.

"बघ की!" ती म्हणाली. "इतकी वर्षं उगाच धावले मी."

मित्रांनो, तुमच्याकडेही असा कुणी राबणारा असेल. त्याचे तेल वेळेवर बदला, आणि लाइट आली म्हणून लगेच त्याला गप्प करू नका. जरा थांबा. इतकेच मी इतकी वर्षे ओरडून सांगत होतो, आणि तुम्ही म्हणत होता, केवढा आवाज करतो मेला!