चढ चार, थांब चाळीस

माझा नवरा सगळ्या जगाला नावं ठेवतो. नटांच्या उच्चारांना, दिग्दर्शकाच्या मफलरला, मी वाजवलेल्या पार्श्वसंगीताला. फक्त स्वतःच्या आकड्यांना नाव द्यायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा येतो.

तो नाटकांचे दिवे सांभाळतो, मी ध्वनी. प्रेक्षागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत आम्ही शेजारी शेजारी बसतो आणि प्रयोगभर कुजबुजत भांडतो. दिव्यांसाठी त्याने स्वतःच प्रोग्रॅम लिहिलाय. त्यात 'उजळ' नावाचं एक फंक्शन आहे. त्याला दोन आकडे द्यायचे. पहिला म्हणजे दिवा किती सेकंदांत चढायचा, दुसरा म्हणजे चढल्यावर किती सेकंद थांबायचा. उजळ(५, २०) लिहिलं की दिवा पाच सेकंदांत चढतो आणि वीस सेकंद थांबतो. कुठला आकडा कशाचा, हे नुसत्या जागेवरून ठरतं.

"अरे, चढ = ५, थांब = २० असं लिही ना," मी कितीदा सांगितलं. "तुझं फंक्शन तेही चालवून घेतं. नाव असलं की आकडे मागेपुढे झाले तरी बिघडत नाही."

"आणि प्रत्येक ओळ दुप्पट लांब करू? माझे आकडे मी झोपेतही ओळखतो."

पालथ्या घड्यावर पाणी. मी सांगणं सोडून दिलं.

त्या दिवशी आत्याचा शेवटचा प्रयोग होता. आत्या म्हणजे याच्या वडिलांची बहीण, नात्याने माझी आतेसासू. सासूपणा मात्र तिने नाटकातच केला, घरी कधी नाही. याची आई लवकर गेली आणि आत्यानेच याला वाढवलं. मेकअपच्या खोलीत शालीत गुंडाळून याला झोपवायची आणि रंगमंचावर जायची. आता गुडघे आणि पाठांतर दोन्ही कुरकुरायला लागले होते. दुपारचा प्रयोग झाला की बस, असं तिने जाहीर केलं होतं.

सकाळी ती धापा टाकत आमच्या खोलीत आली आणि याच्या शेजारच्या स्टुलावर बसली.

"बाळ्या, एक मागू?"

"माग की."

"मला माणसं बघायचीत."

"रोज बघतेसच की, शेवटी सगळे रांगेत उभे राहता तेव्हा."

"तेव्हा ती टाळ्या वाजवत असतात. टाळ्या वाजवताना सगळे सारखेच दिसतात रे. ऐकताना कसे दिसतात, ते मी जन्मात पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांवर तुझे दिवे आणि समोर ठार काळोख. इतकी वर्षं त्या काळोखाशीच बोलत आले."

याने चष्मा पुसला. मी केबल गुंडाळायचं सोंग केलं.

"दाराशी उभी राहून शेवटचं बोलते ना," ती म्हणाली, "त्याला चाळीस सेकंद लागतात. तेवढा वेळ प्रेक्षागृहात उजेड राहू दे. फार नको, चेहरे कळतील इतकाच. आणि चटकन चढव हं, चारेक सेकंदांत."

ती बोलत होती तसतसा हा टाइप करत होता. तिने चाळीस आधी म्हटले, चार नंतर. याने आधी चाळीस लिहिले, मग चार. उजळ(४०, ४). ओळ सुटसुटीत दिसत होती. दिग्दर्शकाला सांगितलं असतं तर त्याने नाटकाच्या आशयावर तासभर घेतला असता, म्हणून सगळं गुपचूप, आणि गुपचूप म्हणून तालीमही नाही.

प्रयोग रंगला. शेवटी आत्या दाराशी आली, वळली आणि बोलायला लागली. याने कळ दाबली. मी प्रेक्षागृहाकडे पाहिलं. काळोख.

"चढत का नाहीये?" मी कुजबुजले.

"चढतोय," तो म्हणाला. मग त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावरची ओळ पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला. "चाळीस सेकंदांत चढतोय."

पुन्हा कळ दाबावी तर प्रोग्रॅम पुढच्या ओळीवर जाणार आणि रंगमंचावर अंधार होणार. तो दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसला. लहानपणी असाच बसायचा, असं आत्या सांगते. काचेतून आम्हाला ती दिसत होती. बोलताना तिने मान किंचित पुढे काढली होती आणि डोळे बारीक केले होते. शेवटचं वाक्य तिने फार सावकाश घेतलं. नंतर मला कळलं, ती वाट बघत होती.

वाक्य संपलं तेव्हा कुठे उजेड पुरेसा झाला. तोवर लोक उठून उभे राहिले होते आणि टाळ्या वाजवत होते.

आम्ही मेकअपच्या खोलीत गेलो तेव्हा ती अर्धा चेहरा पुसून बसली होती.

"डोळे गेले वाटतं माझे," ती म्हणाली. "काही म्हणजे काही दिसलं नाही."

"डोळे नाही गं. माझी चूक." त्याने सगळं सांगितलं, आकडे कुठे हवे होते आणि कुठे पडले तेही. "ही मला कायम सांगायची, नावं लिही म्हणून. मी ऐकलं नाही."

मी बरोबर होते. त्या क्षणी मला त्या बरोबर असण्याचाच इतका राग आला, की मी चुकीची ठरले असते तर बरं झालं असतं.

आत्याने कापूस खाली ठेवला. "आता नीट लिहिशील?"

म्हणजे वरातीमागून घोडं. तरी तो धावत वर काचेच्या खोलीत गेला. आत्या रंगमंचावर गेली आणि मी रिकाम्या प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत बसले. उजळ(चढ = ४, थांब = ४०). त्याने कळ दाबली आणि चार सेकंदांत सगळ्या खुर्च्या दिसू लागल्या. चार सेकंदांत सगळ्या खुर्च्या दिसू लागल्या. आत्या दाराशी उभी राहिली आणि आम्हा दोघांसाठी बोलू लागली.

मी जीव लावून ऐकायचा प्रयत्न केला. दोन वाक्यांनंतर ती थांबली. त्याच्याकडे बघत राहिली.

"असा नसतो रे ऐकणारा चेहरा," ती म्हणाली. "तू नुसता रडतोयस."

त्याने बाहीने डोळे पुसले. "पुन्हा बोल. ऐकतो."

"नको," म्हणत ती जपून पायरी उतरून खाली आली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. प्रेक्षागृहातला उजेड अजून तसाच होता.